बोदरखेड्याच्या दोघी

पार्वताबाईंनी गाऊन गुडघ्यापाशी मुठीत धरला आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. पाणी चांगलंच गार होतं. त्यांनी पाय मागे घेतला, इकडेतिकडे पाहिलं आणि पुन्हा ठेवला.

"आजी, ये ना! इथं खोल नाहीये," कमरेएवढ्या पाण्यातून नात करुणा ओरडली.

"येस, येस. तू खेय."

गाऊन सुनेचा, लताचा होता. लुगडं नेसून पाण्यात उतरायचं नाही अशी दारावरच पाटी होती. लुगड्याशिवाय चारचौघांत यायची पार्वताबाईंची ही पहिलीच वेळ. कपडे बदलायच्या खोलीतून बाहेर पडताना त्यांना वाटलं होतं, सगळे आपल्याकडेच बघतील. पण बघायला कुणाला सवड नव्हती. तिथल्या साऱ्याच बायका तसल्याच गाऊनमध्ये, मोकळ्या केसांनी, कपाळावरचं कुंकू धुऊन गेलेल्या अशा होत्या.

नशिराबादच्या पुढे, हमरस्त्याला लागून हे पाण्यात खेळायचं ठिकाण नवंच उघडलं होतं. कापसाच्या जिनिंगच्या शेडसारखं उंच पत्र्याचं छप्पर, त्याखाली निळ्या फरशीचे हौद, घसरगुंडी, वरून कोसळणारं पाणी. बाहेर मे महिन्याच्या झळा, आणि आत पोरांचा कल्ला छपराला आपटून परत खाली येत होता. पार्वताबाईंचा मुलगा मोतीलाल धुळ्याला टेलिफोनच्या कचेरीत होता. आईला आपण कधी कुठं नेलंच नाही, असं म्हणून त्यानं शनिवार-रविवारसाठी इथली खोली घेतली होती. पार्वताबाई आधी नाही म्हणाल्या होत्या. मग निघायच्या आदल्या दिवशी त्यांनीच पिशवी भरून दाराशी ठेवली.

त्या दुसऱ्या पायरीवर टेकल्या. पाणी पोटापर्यंत आलं. इतक्या पाण्यात आपण नुसतं बसलोय, काही भरायचं नाही, काही धुवायचं नाही, याचं त्यांना हसू आलं.

"व माय! पाय सटकस वं!"

मागून आवाज आला. त्यांच्याच वयाची एक थोराड बाई कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभी होती. पुढे यायची भीती आणि मागे जायची लाज, असं काहीतरी तिच्या तोंडावर होतं.

"धरा," पार्वताबाईंनी हात पुढे केला.

बाईनं तो घट्ट पकडला आणि धपकन शेजारी येऊन बसली. बसल्यावरही हात सोडला नाही.

"पोरेस्नी आनं माले. मी सांगं, माले पानीनं भेव लागस. पन आयकतस का?"

"मना पोऱ्याबी तसाच शे."

बाईनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. "तुमनी बोली तं आमनाकडनी शे. पारोळाकडन्या का तुम्ही?"

"हा, तिकडन्याच."

"मग तं घरन्याच व्हयनात!" बाईला केवढा आनंद झाला. "मनं सासर बोदरखेडं. पाटीलना घरनी धाकली सून मी, सुंदरबाई. धाकली कसानी आते, म्हतारी व्हई गऊ."

ती हसली. पार्वताबाईही हसल्या, पण ते हसू जरा उशिरा आलं.

आवाज ओळखीचा वाटला होता तो यामुळे. बोदरखेड्याला पाटलांच्या विहिरीवर नवी सून पाणी ओढायला यायची. खाली, कट्ट्यापासून लांब, पार्वता आणि इतर बायका घागरी घेऊन उन्हात बसलेल्या असायच्या. कुणी वाढलं तरच पाणी. ही सून वाढायची. धार बारीक धरायची, सांडू द्यायची नाही. एकदा मात्र पार्वताच्या घागरीचा काठ तिच्या बादलीला लागला. सुनेनं घराकडे वळून पाहिलं, सासू दारातच उभी होती. तिनं भरलेली बादली तिथंच उपडी केली आणि राखेनं घासायला बसली. कडेवरच्या मोतीलालला सावरत पार्वता अर्धी घागर घेऊन घरी आली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. सुनेनं पुन्हा वाढलं. त्यावर दोघींपैकी कुणीच कधी काही बोललं नव्हतं.

"दुपारले आमनाजोडेच जेवा," सुंदरबाई म्हणाल्या. "भरीत आनेल शे, कळणानी भाकर शे. तुम्ही पाटीलच ना?"

सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं. हो म्हटलं असतं तर इथं कुणाला काय कळणार होतं? पार्वताबाईंनी समोर पाहिलं. हौदाच्या मध्यावर मोतीलाल करुणाला वर उडवून झेलत होता. ती किंचाळत होती, पुन्हा पुन्हा म्हणत होती.

"नही," पार्वताबाई म्हणाल्या. "मी बोदरखेडानीच शे. वनानी बायको. महारवाडामा घर व्हतं आमनं. तुमनी विहीरवर येऊ मी पानीले."

सुंदरबाईंनी हात झटकला नाही. केस सारखे करायचे असावेत तसा तो हळूच काढून घेतला, आणि केसांकडे नेला.

"पार्वता?"

"हा."

"धुळाले गयात ना तुम्ही? कापडनी गिरनीमा."

"गयूत. पोऱ्या लहान व्हता तव्हय."

सुंदरबाई पाण्याकडे पाहत राहिल्या. दोघींच्या गाऊनचे घेर पाण्यात फुगून एकमेकांना लागत होते. त्यांनी आपला घेर गोळा केला.

"आत्ते येस मी," त्या म्हणाल्या आणि उठल्या. वर चढताना त्यांचा पाय घसरला. पार्वताबाईंचा हात आपोआप पुढे गेला, पण तोवर त्यांनी कठडा धरला होता.

त्या परत आल्या नाहीत.

दुपारी जेवणाच्या दालनात त्यांची मंडळी पलीकडच्याच टेबलावर बसली होती. सुंदरबाई पाठ करून बसल्या होत्या. लतानं शेवभाजीचं भांडं सासूपुढे सरकवलं.

"सकाळी त्या बाईंशी केवढ्या गप्पा चालल्या होत्या तुमच्या. बोलवा ना इकडे."

"जेवू दे तिले."

"कोण आहेत?" मोतीलालनं विचारलं.

"आपला गावनी शे."

मोतीलालचा हात ताटातच थांबला. त्याला बोदरखेडं आठवत नव्हतं, पण ऐकून सगळं माहीत होतं. त्यानं पलीकडच्या पाठीकडे पाहिलं, मग आईकडे.

"कोणाच्या घरची?"

"जेव."

थोड्या वेळानं तो हलक्या आवाजात म्हणाला, "आई, संध्याकाळीच निघू या का? जळगावहून गाडी मिळेल आपल्याला."

"कसाले? दोन दिन सांगं ना तू? माले आखो पानीमा बसनं शे."

लताला काही उमगलं नाही. ती नुसतीच हसली. मोतीलालनं मान खाली घातली आणि भाकरी मोडली.

संध्याकाळी पार्वताबाई खरंच पुन्हा पाण्यात जाऊन बसल्या. करुणानं त्यांना वरून कोसळणाऱ्या पाण्याखाली नेलं. नाकातोंडात पाणी गेलं तशा त्या खोकत, हसत बाहेर आल्या. मध्येच दोनदा त्यांची नजर कपडे बदलायच्या खोलीच्या दाराकडे गेली. तिथून दुसऱ्याच बायका येत-जात होत्या.

रविवारी सकाळी सगळे चहा घेत होते, तेवढ्यात त्या एकट्याच हौदावर आल्या. गाणी अजून लागली नव्हती. पत्र्याच्या फटींतून आलेलं ऊन पाण्यावर पडलं होतं आणि पाणी हलत नव्हतं. कालच्याच पायरीवर त्या बसल्या, पाय लांब केले.

मागे ओल्या फरशीवर पावलं वाजली. सुंदरबाई होत्या. अंगात गाऊन, खांद्यावर पंचा. सोबत त्यांची सून होती, प्रमिला. सुंदरबाईंचे डोळे रात्री झोप लागली नसावी तसे दिसत होते.

त्या कठड्यापाशी थांबल्या. सुनेला म्हणाल्या,

"पाया पड. आपला गावन्या शेतस."

प्रमिलानं पदर घ्यायला खांद्याकडे हात नेला, पदर नाही हे ध्यानात येऊन तीच हसली आणि पायरीवर वाकली. पाय पाण्याखाली होते. कोपरापर्यंत हात बुडवून तिला ते शोधावे लागले. पार्वताबाईंनी दचकून पाय ओढून घेतले. मग त्यांनी ते तसेच राहू दिले.

"सुखी ऱ्हाय, माय."

"कोणाच्या घरच्या म्हणायच्या तुम्ही?" प्रमिलानं हसून विचारलं. "गावातली सगळी घरं मला माहीत आहेत. तुम्हाला कधी पाहिलं नाही."

सुंदरबाईंनी तोंड उघडलं. त्यांनी पार्वताबाईंकडे पाहिलं, मग पाण्याकडे.

पार्वताबाई थांबल्या. त्यांना घाई नव्हती. बराच वेळ झाला तरी वरून काही येत नाही असं पाहून त्यांनी शेजारच्या पायरीवर हात थोपटला.

"बठ," त्या प्रमिलाला म्हणाल्या. "सांगस."

प्रमिला बसली. सुंदरबाई थोडा वेळ वरच उभ्या राहिल्या. पंच्याची घडी त्यांनी उलगडली आणि पुन्हा घातली. मग पंचा कठड्यावर टाकून, एकेक पायरी चाचपत, त्या खाली उतरल्या आणि दोघींच्या शेजारी पाण्यात बसल्या.

"आमनं घर गावना खालना आंगे व्हतं," पार्वताबाईंनी सुरुवात केली.