बाबांचा आवाज आणि ऑफिसची फाइल

मित्रांनो, खिडकीजवळच्या टेबलावर, झाकणाचा एक कोपरा उडालेला जो जुना लॅपटॉप दिसतोय ना, तो मी. माझ्या कळांवरची बरीच अक्षरं पुसली गेली आहेत. पंखा सुरू झाला की मी घोरल्यासारखा आवाज करतो. तरी रोज सकाळी मला उघडतात, आणि मी चालू होतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. कुणी माझ्यात पडदा बसवला, कुणी स्क्रू आवळले, कुणी नुसतंच चालू करून पाहिलं आणि बंद केलं. मग दुकान आलं, आणि दुकानातून मला या घरातल्या थोरल्या मुलीनं आणलं. तिला सगळे ताई म्हणतात. संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणं हा तिचा व्यवसाय. सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. माझ्यावर कुणी ओला हात ठेवला तरी ताई रागवायची.

पण माझ्यात आलेली ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे ज्याच्या जोरावर संगणक चालतो तो मूळ कारभारी, दर वर्षी अंगानं वाढत गेली. माझी ताकद होती तेवढीच राहिली. एक फाइल उघडायला सांगून ताई तोंड धुऊन यायची, तरी मी आपला गोल गोल फिरणारं चक्र दाखवत असायचो. शेवटी तिनं नवीन यंत्र घेतलं, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, आणि मी कपाटात पांघरुणांच्या खाली गेलो. तिथले दिवस सांगण्यासारखे नाहीत. कपाटात काही घडत नाही.

मला बाहेर काढलं ते बाबांच्या आजारपणामुळे.

ताईचे बाबा फळबाजारात लिलाव पुकारायचे. उभ्या आयुष्यात त्यांनी भोंगा हातात घेतला नाही. पेट्यांच्या ढिगावर उभं राहून ते बोली पुकारायचे, तेव्हा बाजाराच्या दुसऱ्या टोकाचा हमालही मान वर करायचा. अशा माणसाला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, उजवा हात गेला आणि वाचा गेली. डोकं मात्र पहिल्यासारखंच चालत होतं. सगळं कळत होतं, पण सांगता येत नव्हतं. आठवडाभर ते भिंतीकडे तोंड करून झोपून राहिले.

ताई धावत आली. तिनं मला पांघरुणांखालून काढलं, पुसलं आणि माझ्यातली जुनी सिस्टिम काढून टाकली. तिच्या जागी एक मुक्त सिस्टिम घातली. मुक्त म्हणजे तिचं आतलं सगळं लिखाण उघडं असतं. ज्याला समजेल त्यानं ते वाचावं, हवं तसं बदलावं, दुसऱ्याला द्यावं. ही सिस्टिम अंगानं हलकी होती. मी पुन्हा चटकन उठायला लागलो.

मग ताईनं खास बाबांसाठी एक प्रोग्रॅम लिहिला. पडद्यावर मोठे मोठे चौकोन: पाणी, पंखा, दुखतंय, नको, इकडे ये. बाबांनी डाव्या हातानं एक कळ दाबली की तो शब्द मी मोठ्यानं म्हणायचा. चौकोनात नसलेलं काही सांगायचं असेल तर एकेक अक्षर निवडायचं. पहिल्या दिवशी बाबांनी बराच वेळ अक्षरं जुळवली. ताई आणि तिची धाकटी बहीण श्वास रोखून पाहत होत्या. मी म्हटलं, "हा आवाज कारकुनासारखा आहे. मोठा कर."

धाकटी हसता हसता रडली. ताईनं आवाज मोठा केला.

आता धाकटीबद्दल सांगायला हवं, कारण पुढची सगळी गोष्ट तिची आहे. औषधाच्या खोक्यात घडी घातलेला एक पातळ कागद असतो ना, गोळी कुणी, किती, केव्हा घ्यायची ते सांगणारा, तो मजकूर तयार करण्याचं तिचं काम. बाबांना एकटं ठेवता येत नाही म्हणून तिनं घरून काम करायची परवानगी मागितली. ती मिळाली, पण ऑफिसचे संगणक ऑफिसात बसणाऱ्यांनाच मिळत. धाकटीच्या वाट्याला मीच आलो. एकाच टेबलावर एका बाजूला ती बसायची, दुसऱ्या बाजूला आरामखुर्चीत बाबा. अर्ध्या पडद्यावर तिची फाइल, अर्ध्यावर बाबांचे चौकोन.

अडचण फाइलीत होती. ऑफिसात एका कंपनीचं बंदिस्त सॉफ्टवेअर वापरायचे. ते माझ्या मुक्त सिस्टिमवर चालत नव्हतं. धाकटी त्याच फाइली एका मुक्त प्रोग्रॅममध्ये उघडायची. साधा मजकूर असला की काही बिघडत नसे. टेबल, म्हणजे आडव्या-उभ्या रकान्यांचा तक्ता, आलं की कुरबुर सुरू व्हायची. ऑफिसचा फॉन्ट माझ्याकडे नव्हता, मी त्याच्या जागी जवळपासचा घ्यायचो. तो जरा रुंद होता, त्यामुळे शब्द खालच्या ओळीत उतरायचे, तक्त्यातले जोडलेले चौकोन सुटायचे. धाकटी सगळं नीट बसवून पाठवायची. तिकडे उघडलं की ते पुन्हा हलायचं.

एके सकाळी तिच्या वरच्या बाईंचा फोन आला. त्या वीस वर्षं मुद्रितं तपासत होत्या आणि विनाकारण बोलायच्या नाहीत.

"तापाच्या औषधाचं टेबल पाहिलंस का?"

"हो बाई. दोनदा तपासलं."

"माझ्याकडे लहान मुलांच्या ओळीत मोठ्यांचा डोस दिसतोय. एक चौकोन खाली सरकलाय. छापायला जाण्याआधी दिसला म्हणून बरं."

धाकटीनं माझ्या पडद्याकडे पाहिलं. माझ्याकडे टेबल अगदी बरोबर होतं.

"मी तुला दोष देत नाही," बाई म्हणाल्या. "पण सोमवारपासून ऑफिसच्या सॉफ्टवेअरमध्येच काम करायचं. नाहीतर हे काम मला दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल. पोरांच्या औषधाचा प्रश्न आहे."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, हे धाकटीलाही कळत होतं.

तिनं ताईला फोन लावला. ताई फोनवरून सांगत गेली, धाकटी करत गेली. आधी ते सॉफ्टवेअर, त्याला आपल्याच सिस्टिमवर असल्यासारखं भासवून, माझ्यावर चालवून पाहिलं. ते उघडलं, पण नाव आणि पासवर्ड विचारणारी खिडकी पांढरीफटक राहिली. मग इंटरनेटवरून वापरायची त्याची आवृत्ती पाहिली. ती छान चालली, पण ऑफिसनं फाइलीच्या नमुन्यात बसवलेली खास बटणं तिच्यात चालेनात, आणि त्या बटणांशिवाय फाइल पुढे जात नसे.

बाबा सगळं ऐकत होते. त्यांनी अक्षरं जुळवली. मी फोनवरच्या ताईला म्हटलं, "माझं पुसून टाक. तिचं काम आधी."

"बाबा, गप्प बसा," धाकटी म्हणाली, आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊन स्वतःच गप्प झाली.

शेवटी मधला मार्ग निघाला. माझ्या डिस्कचे दोन भाग केले. एका भागात मुक्त सिस्टिम आणि बाबांचे चौकोन, दुसऱ्यात ऑफिसला हवी असलेली सिस्टिम आणि ते सॉफ्टवेअर. मात्र एका वेळी एकच भाग जागा राहणार होता. धाकटीचं काम चालू असेल तेव्हा बाबांचा आवाज झोपलेला. तेवढ्या वेळापुरती त्यांच्या हातात एक घंटी दिली.

सोमवारी टेबलं जागच्या जागी बसली. बाईंचा निरोप आला, "आता ठीक आहे." धाकटीला हायसं वाटलं.

दोन-तीन दिवस गेले. धाकटी कानाला हेडफोन लावून एक मोठा मजकूर तपासत होती. बाबांनी घंटी वाजवली. तिनं हेडफोन काढला. "पाणी हवंय?" बाबांनी मान हलवली. "पाय आखडला?" पुन्हा नाही. बाबा घंटी हलवत राहिले, घंटीच्याच हातानं स्वयंपाकघराच्या दाराकडे दाखवत राहिले. त्या बाजूला खिडकीही होती. "ऊन येतंय होय?" म्हणत तिनं खिडकीचा पडदा ओढला. बाबांनी घंटी फेकून दिली. तेव्हा कुठे तिला जळका वास आला.

शेगडीवरचं दूध उतू जाऊन करपलं होतं आणि ओट्यावरच्या फडक्यानं पेट घेतला होता. ज्वाळा वरच्या फळीला लागत होती. तिनं बादलीतलं पाणी ओतलं, शेगडी बंद केली, आणि तिथेच खाली बसली. बाबांना 'आग' हा एकच शब्द सांगायचा होता. तो शब्द माझ्यात होता. पण त्या वेळी मी दुसऱ्या भागात जागा होतो, मला काही करता येण्यासारखं नव्हतं.

संध्याकाळी ती फोनवर ताईला म्हणाली, "मी राजीनामा लिहिते."

"कशात लिहिणार? त्याच सॉफ्टवेअरमध्ये?" ताईनं विचारलं. धाकटी हसली नाही. मग ताई म्हणाली, "काही लिहू नकोस. मी येते."

ती आली ती मेमरीची, म्हणजे एका वेळी जास्त कामं पेलायची ताकद देणारी, एक पट्टी घेऊन. तिच्या कामाच्या ठिकाणी मोडीत काढलेल्या यंत्रातली ती पट्टी होती. तिनं माझी पाठ उघडली, आतली धूळ झटकली, पट्टी बसवली. डिस्कचे दोन्ही भाग मोडून पुन्हा एकच केला. मग तिनं जे केलं ते मी आधी कधी अनुभवलं नव्हतं. मुक्त सिस्टिमच्या आत तिनं एक खोली बांधली. प्रत्यक्षात तो एक प्रोग्रॅम होता, पण त्याच्या आत ऑफिसच्या सिस्टिमला वाटायचं की आपण वेगळ्याच संगणकावर आहोत. तिथे ते बंदिस्त सॉफ्टवेअर सुखानं राहायला आलं. खोलीच्या बाहेर बाबांचे चौकोन चालूच. शिवाय बाबांसाठी एक कळ राखून ठेवली. ती दाबली की समोर काहीही असो, चौकोन वर येणार.

मला हे सोपं गेलं नाही. मी तापायचो, पंखा भणभणायचा, मोठी फाइल आली की अडखळायचो. धाकटी माझ्याखाली दोन लाकडी पट्ट्या ठेवू लागली, हवा खेळावी म्हणून. पण दोन्ही कामं एकदम होत होती.

पुढच्याच आठवड्यात ऑफिसची मीटिंग होती, सगळे पडद्यावर. बाई भरभर नवे नियम सांगत होत्या. मध्येच मी खणखणीत आवाजात म्हटलं, "हळू बोला. मागच्यांना कळत नाही."

सगळे थांबले. धाकटीनं कपाळाला हात लावला.

"हे कोण?" बाईंनी विचारलं.

"माझे बाबा. त्यांना बोलता येत नाही. ते याच लॅपटॉपमधून बोलतात."

"आणि तू काम कशावर करतेस?"

"याच्यावरच."

बाई म्हणाल्या, "हे आधी का नाही सांगितलंस?" आणि खरोखरच हळू बोलू लागल्या. मीटिंगच्या शेवटी त्यांनी एक नियम वाढवला. डोसचं प्रत्येक टेबल छापायच्या आधी दोघांनी, दोन वेगवेगळ्या यंत्रांवर पाहायचं. एक यंत्र बाईंचं ठरलं, दुसरं मी.

ताईनं बाबांचा प्रोग्रॅम इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला ठेवला. काही महिन्यांनी एका अनोळखी माणसाचा निरोप आला. त्यानं तो आपल्या आईसाठी घेतला होता. तिला कमी दिसतं, म्हणून त्यानं अक्षरं जाड केली होती, रंग बदलले होते, आणि ते सगळं परत पाठवलं होतं. ताईनं ते माझ्यात घातलं. बाबांनी नव्या जाड अक्षरांवरून पहिलं वाक्य जुळवलं, "त्याच्या आईला नमस्कार सांग." त्या कोण, कुठल्या गावच्या, कुणालाच ठाऊक नाही. धाकटीनं नमस्कार कळवला.

आता माझी बॅटरी धरत नाही. वायर निघाली की मी तिथल्या तिथे बंद पडतो. कधीतरी माझ्या जागी दुसरं यंत्र येईल आणि ते यायलाही हवं. तोपर्यंत माझं एवढंच सांगणं आहे, मित्रांनो. जुनं यंत्र पुसायच्या आधी त्यात कुणाचं काय आहे ते विचारा. आतली धूळ झटका, थोडी हवा लागू द्या. आणि चालू यंत्राची वायर ओढण्याआधी खोलीत एकदा नजर टाका. कुणीतरी बोलत असेल, त्याचं वाक्य पुरं होऊ द्या.