न उघडलेला नळ

लखमाच्या पत्राला कमळाकरांनी उत्तर दिलं नव्हतं. लखमा शेणव्याच्या रस्त्यावरच्या एका गोदामाचा रखवालदार. मागच्या डिसेंबरात त्याने लेकीकडून लिहून घेतलं होतं: ‘सायेब, लाल नळ उघडून बघितला. पानी पायापाशी पडतं. तुमी लिवलंय छपरापर्यंत जाईल. एकदा येऊन बघा.’

कमळाकरांनी चार मसुदे केले. प्रत्येकात त्यांना आपलीच भाषा खटकली. शेवटी पत्र एका पुस्तकात गेलं.

खरं तर एकच ओळ लिहायची होती. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाल्यावर गोदामाच्या आगीच्या नळाची चाचणी त्यांनीच केली होती. नळ बंद असताना दाबाचा काटा साडेतीन किलोवर झकास उभा होता. पण नळ पूर्ण उघडून बघायचं असतं, काटा किती पडतो आणि मिनिटाला किती पाणी सुटतं. त्याच लाइनवर पाड्याचा नळ होता. पाणी तासभरच यायचं, बायका हंडे लावून बसलेल्या. “सायेब, आमचं पानी मातीत नका सोडू,” त्यांतली बाईजा म्हणाली. कमळाकर ओशाळले. नळ तसाच बंद ठेवून त्यांनी दाबाच्या कोष्टकावरून दाखल्यात आकडा भरला, मिनिटाला नऊशे लिटर. लाइन आतून गंजून अर्धी झालीय, हे कोष्टकाला कुठून कळणार?

एप्रिलमध्ये गोदाम पेटलं. लखमा होज धरून दारात उभा राहिला तो तिथेच जळून गेला. चौकशीवाल्यांनी कमळाकरांचा दाखला वाचून ठरवलं, पाणी होतं, रखवालदाराला नळ उघडता आला नाही. पाड्यावर पोरं त्याच्या लेकीला, रविनाला चिडवू लागली, तुझ्या बापाला नळ पन नाय फिरवता आला.

लखमाची बायको बारकी शहापूरला कमळाकरांच्या दारात येऊन बसली.

“त्याला नळ उघडता येत होता का नाय, तेवढं सांगा.”

“कागदावर पाणी आहे, बाई.”

“कागदाचं नाय इचारलं.”

कमळाकरांनी आतून पाण्याचा पेला आणून पुढे ठेवला. ती त्याकडे न बघता उठली.

मग त्यांनी पाचवा मसुदा केला. ‘लखमा, पाणी नव्हतं. तुझं बरोबर होतं. मी नळ उघडलाच नव्हता.’ या खेपेला एकही शब्द खटकला नाही. चौकशीच्या कचेरीसाठी त्यांनी नक्कलही काढली.

टपालपेटीपाशी त्यांनी दोन्ही पाकिटं बाहेर काढली, बराच वेळ हातात धरली. कचेरीचं पाकीट परत खिशात गेलं. लखमाच्या नावाचं, वळणदार अक्षरातलं, त्यांनी पेटीत टाकलं.