टॉवेलाखालचा पाय

मी एक जुना पाय आहे. मित्रांनो, यात हसण्यासारखे काही नाही. जुनी खुर्ची असते, जुनी छत्री असते, तसा मी जुना पाय. डावा, गुडघ्याखालचा. वर एक टणक, खोलगट भाग, मधे धातूची नळी आणि खाली रबराचे पाऊल, एवढाच माझा संसार. पावलावर पाच बोटेही कोरली आहेत. ती कायम बुटात असतात, मग ती कोरायचा खटाटोप कशासाठी केला, हे मला आजवर कळलेले नाही.

मला एका लहानशा कार्यशाळेत पायवाल्या काकांनी घडवले. तिथे सगळीकडे प्लास्टरची पांढरी धूळ असे, अगदी काकांच्या भुवयांवरही. त्यांनी आधी माझ्या मालकिणीच्या उरलेल्या पायाचा साचा घेतला आणि त्यावर मला बेतले. मग माझी कड घासली, बोट फिरवून पाहिली, पुन्हा घासली. कुठे खुपायला नको, याचा त्यांनी ध्यासच घेतला होता.

माझी मालकीण धावपटू होती. एका जागी बसणे ठाऊक नाही, म्हणून घरीदारी तिला सगळे भिंगरी म्हणत. तिच्या सायकलला ट्रकने धडक दिली आणि तिचा पाय कापावा लागला. काकांनी मला पहिल्यांदा तिच्यापुढे धरले, तेव्हा ती खिडकीबाहेर बघत राहिली.

"ह्याच्यावर पळता येईल?" तिने विचारले.

"नाही. पळायचा पाय वेगळा असतो. हा चालायचा, चढायचा."

"चढायचा म्हणजे जिना?"

"जिना म्हण, डोंगर म्हण. कुठे न्यायचं ते तू ठरव. हा काही नाही म्हणायचा नाही."

काका आपले बोलून गेले. भिंगरीने मात्र ते मनावर घेतले.

मला पायात घालायची एक रीत आहे. आधी ती मऊ रबरी मोजा चढवते. त्याच्या टोकाला धातूची पिन असते. ती पिन माझ्या खोलगट भागाच्या तळाशी असलेल्या खटक्यात शिरली की 'खट्' असा आवाज येतो. तो आवाज आला की मी तिचा. तोवर मी नुसता एक डबा.

सुरुवातीला आमचे अजिबात पटले नाही. घरामागच्या टेकडीवर ती धडपडली, तिच्या कातडीला फोड आले, एकदा तर तिने मला रागाने खोलीच्या कोपऱ्यात भिरकावले. थोड्या वेळाने तीच लंगडी घालत मला घ्यायला आली. हळूहळू टेकडी सरली, मोठे डोंगर झाले, आणि एक दिवस ती गिर्यारोहकांच्या तुकडीत दाखल झाली. तुकडीच्या म्होरक्याला सगळे दादा म्हणत. दादा फार बोलत नसत. त्यांनी मला एकदा खालपासून वरपर्यंत निरखले आणि भिंगरीच्या हातात दोराचे टोक दिले.

बर्फात माझे दिवस पालटले. माझा घोटा वाकत नाही, त्यामुळे मला बुटात कोंबताना ती आधी माझ्यावर प्लॅस्टिकची पिशवी चढवी आणि मग मला यथेच्छ शिव्या घाली. पण एकदा बूट चढला की माझी ऐट बघण्यासारखी असे. कडक बर्फाच्या उतारावर बुटाच्या टोकाने लाथा मारून पायऱ्या पाडाव्या लागतात. त्यात माणसांची बोटे ठणकतात. माझी कशी ठणकणार? मी आपला धडाधड लाथा मारत सुटायचो, आणि मागचे लोक माझ्या पायऱ्यांवरून वर यायचे. कोरलेल्या बोटांचा एवढा अभिमान दुसऱ्या कुणाला वाटला नसेल.

घरी मात्र निराळी तऱ्हा होती. दाराची बेल वाजली की आई लगबगीने यायची आणि माझ्यावर निळ्या पट्ट्यांचा टॉवेल टाकायची. आई दुष्ट नव्हती. मला बघून पाहुणे चुकचुकत, आणि ते चुकचुकणे तिच्या काळजाला लागे. पण टॉवेलाखाली फार कोंदट वाटते हो. पुढे पुढे भिंगरीलाही तीच सवय जडली. मोहिमेवर निघताना आई तो टॉवेल पिशवीत घाली, आणि तंबूत मला काढले की भिंगरी मला त्याखाली झाकून टाकी.

अखेर ज्या उंच शिखराची ती स्वप्ने बघत होती, त्याच्या शेवटच्या तळावर आम्ही पोहोचलो. दादांचा तिथे एक नियम होता. जे गोठू नये असे वाटते, ते झोपताना स्लीपिंग बॅगमध्ये आपल्याजवळ घ्यायचे. पाण्याची बाटली, बुटांचे आतले अस्तर, कॅमेऱ्याची बॅटरी, सगळे आत. भिंगरीने सगळे आत घेतले. पण तंबूत सोबतीला एक शाळेतल्या बाई होत्या, त्यांची फारशी ओळख नव्हती. भिंगरीला संकोच वाटला. तिने मला टॉवेलात गुंडाळून तंबूच्या दाराशी, सामानाखाली सरकवले.

निघायच्या वेळी तिने मला चढवले. आवाज आला नाही. खटक्यात साचलेल्या घामाचा बर्फ झाला होता. तिने फुंकर घातली, गरम पाणी ओतले, माझ्यावर सगळा भार टाकला. पाणी आत जाऊन पुन्हा गोठले. बाकीचे वर गेले. दादा तिच्यासाठी थांबले, शिखर सोडून.

"पाय कुठे ठेवला होतास?"

"बाहेर."

"बाटली आत आणि पाय बाहेर?"

भिंगरीने टॉवेल गुंडाळून पिशवीत कोंबला.

"पुढच्या मोसमात आणखी एकदा नेईन तुला," दादा म्हणाले. "पण पुन्हा असं झालं तर माझ्या दोरावर जागा नाही. इथे एकाची चूक सगळ्यांना भोवते."

ऊन चढल्यावर खटक्यातला बर्फ वितळला आणि मी बसलो, पण तोवर शिखराची वेळ टळली होती. उतरताना ती रडत होती. मलाही फार वाईट वाटले.

पुढच्या मोसमात निघताना तिने पिशवी उघडली, टॉवेल बाहेर काढला आणि आईच्या हातात ठेवला.  आईने तो खुंटीला अडकवला. शेवटच्या तळावर पुन्हा त्याच बाई सोबत होत्या. भिंगरीने त्यांच्यासमोर मला काढले, कोरडे पुसले आणि सरळ कुशीत घेतले.

"बाई, जरा सरका. आम्ही दोघं आहोत."

"सरकते. फक्त झोपेत लाथ मारू नका म्हणावं," बाई म्हणाल्या, आणि दोघी पोट धरून हसल्या. त्या रात्री मी उबेत झोपलो.

खट्!

"आला आवाज?" दादांनी तंबूबाहेरून विचारले.

"आला, दादा."

शिखराखालचा शेवटचा चढ दगडासारखा टणक होता. पायऱ्या पाडून पाडून दादांची बोटे बधिर झाली. ते थांबले, मागे वळले.

"भिंगरी, पुढे ये. तुझा डावा चालू दे आता."

एका पावलाला मी लाथ मारायचो, दुसऱ्याला ती धापा टाकायची. वारा आम्हाला ढकलत होता. तरी आम्ही थांबलो नाही, आणि दादा, बाई, सगळा दोर माझ्या पायऱ्यांवरून वर चढला. मग अचानक लाथ मारायला पुढे चढच उरला नाही. आम्ही शिखरावर होतो. भिंगरीने फोटोसाठी पँटचा पाय गुडघ्यापर्यंत वर ओढला, त्या कडाक्यात. "हा दिसला पाहिजे," ती म्हणाली. दादांनी वाकून माझ्या बुटावरचा बर्फ झटकला. मित्रांनो, एवढा आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

आता मला तडा गेला आहे. भिंगरीसाठी काकांनी नवा पाय बनवला आहे, हलका आणि माझ्याहून देखणा. मी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर असतो. परवा बेल वाजली. शेजारच्या काकू बाहेरच्या नळावर हात धुऊन आत आल्या, आणि आईने सवयीने तो निळ्या पट्ट्यांचा टॉवेल उचलला. मी मनाची तयारी केली. आईने टॉवेल काकूंच्या हातात दिला.

"हात पुसा. आणि त्या खुर्चीवर नका बसू, तिथे आमच्या मुलीचा पाय आहे. शिखरावर जाऊन आलाय तो."

काकू चुकचुकल्या नाहीत. त्यांनी मला नीट बघता यावे म्हणून चष्मा लावला.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणाची काठी असेल, कानाचे यंत्र असेल, माझ्यासारखा एखादा पाय असेल. त्याला पुसून कोरडे ठेवा, थंडीत जवळ घ्या. आणि बेल वाजली तर त्याला आहे तिथेच राहू द्या. टॉवेल हात पुसायला असतो.