हाक हरवलेली रक्तपट्टिका

मी एक म्हातारी रक्तपट्टिका आहे. डॉक्टर मला प्लेटलेट म्हणतात. मित्रांनो, म्हातारी म्हटल्यावर हसू नका. आम्हा पट्टिकांना आयुष्यच मिळतं आठ-दहा दिवसांचं, आणि त्यातलं बरंचसं मी संपवून बसले आहे.

माझा जन्म कोल्हापुरातल्या पारूबाईंच्या हाडांतल्या मज्जेत झाला. तिथल्या एका भल्यामोठ्या पेशीचे तुकडे होऊन आम्ही बहिणी रक्तात सुटलो. रक्तवाहिनी कुठे फाटली की तिथे चिकटायचं आणि हाक मारून बाकीच्यांना गोळा करायचं, हे आमचं काम. ही हाक म्हणजे आमच्या पोटातून सुटणारा एक रस. तो पोचला की बहिणी धावत येतात.

पण माझी हाक पहिल्याच दिवशी गेली. गेल्या वर्षी पारूबाईंच्या काळजाची एक नळी तुंबली, तेव्हा डॉक्टरांनी तिच्यात बारीक जाळी बसवली. तेव्हापासून त्या रोज दुपारी जेवल्यावर एक गोळी घेतात. लोक तिला रक्त पातळ करायची गोळी म्हणतात. म्हणोत बापडे! ती काही रक्तात पाणी ओतत नाही, आमची तोंडं बंद करते. आणि एकदा बंद झालेलं तोंड मरेपर्यंत उघडत नाही.

मी मुकी फिरत राहिले. शेजारून लाखो बहिणी जायच्या, सगळ्याच मुक्या. एवढ्या गर्दीत इतकं एकटं वाटतं, हे सांगून खरं वाटणार नाही. त्या गोळीचा मला फार राग होता.

एक दिवस पारूबाई विळीवर सुकं खोबरं कापायला बसल्या. लेक संघप्रिया पुण्यात नोकरीला, तिला वर्षाची कांदा-लसूण चटणी पाठवायची होती. मसाला भाजून दुसऱ्या दिवशी डंकावर कुटायला न्यायचा बेत होता. खोबऱ्याची वाटी सटकली आणि पातं अंगठ्यात रुतलं. हात मिरच्या निवडलेला, त्यामुळे आग आग झाली.

फाटक्या कडेशी मीच सर्वांआधी पोचले. कड घट्ट धरली आणि जीव तोडून हाक मारली. आवाजच नाही! बहिणी माझ्या डोळ्यांदेखत वाहून जात होत्या. एखादी अडखळली तर चिकटायची, तेवढाच आधार. रक्तातल्या प्रथिनांनी मात्र आमच्याभोवती धागे विणायला घेतले. त्यांना गोळीनं अडवलं नव्हतं.

ओरडा ऐकून शेजारच्या बायडाबाई आल्या. त्यांनी हळद चेपली, फडकं गुंडाळलं आणि दम न धरता उचलून पाहिलं.

"बगू, थांबलं का?"

विणलेलं सगळं फडक्याबरोबर निघून आलं. आम्ही पुन्हा विणलं, त्यांनी पुन्हा उचललं. मी कशीबशी कडेला लटकून होते.

"अगं बायडे, सारखं काय बगतीस? दाबून धर की!" पारूबाई कळवळल्या.

मग त्यांनीच अंगठा घट्ट दाबून वर धरला. बऱ्याच वेळानं रक्त थांबलं.

"त्या गोळीनंच घात केलाय," बायडाबाई म्हणाल्या. "आजपास्नं बंद कर. रगात थांबंना म्हंजे काय चेष्टा हाय व्हय?"

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. गोळी बंद झाली तर हाडांतून येणाऱ्या नव्या बहिणींना आवाज असणार होता. माझ्याशी कुणीतरी बोललं असतं.

बायडाबाई घरी गेल्या. पारूबाईंनी लेकीला फोन लावला, तिनं उचलला नाही. चार घास खाऊन त्या गोळ्यांचं पाकीट हातात धरून बसून राहिल्या. तेव्हा मला काळजातली ती जाळी आठवली. किती वेळा मी तिच्यावरून गेले होते! एखादी बोलकी बहीण तिथे आली, जाळीलाच जखम समजली आणि तिनं हाक मारली तर? हजारो जणी धावत येतील आणि नळी तुंबेल. घरात पारूबाई एकट्या. त्यांनी कुणाला हाक मारायची?

घ्या हो ती गोळी, असं मला ओरडावंसं वाटलं. पण मी तर मुकी.

पारूबाईंनी पुन्हा फोन लावला, या वेळी दवाखान्यात, आणि झालेलं सगळं सांगितलं.

"मावशी, रक्त थांबलंय न्हवं?" डॉक्टर म्हणाले. "मग गोळी सोडायची न्हाय. मला इचारल्याबिगर एक दिवस न्हाय. आणि सांजचं अंगठा दावून जावा."

"घेतो की, डॉक्टर."

पाकीट कुरकुरलं. पाण्याचा घोट गेला. नव्या बहिणींचा आवाजही गेला. त्या आता मला कधीच हाक मारणार नाहीत. मला रडू आलं, आणि जिवाला बरंही वाटलं.

संध्याकाळी संघप्रियाचा फोन आला. "खोबरं कापून झालंय, उद्या डंकावर जातो," एवढंच पारूबाई बोलल्या. अंगठ्याचं नाव काढलं नाही.

मित्रांनो, आता मी या खपलीत वाळत बसले आहे. ती गळाली की माझंही संपलं. तुम्हाला कधी लागलं तर स्वच्छ कापडानं दाबून धरा, सारखं उघडून बघू नका आणि खपली ओरबाडू नका. घरात कुणाला अशी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती बंद करू देऊ नका. आणि तुमचं कुणी म्हातारं माणूस दूर एकटं राहत असेल, तर त्याचा फोन पहिल्यांदा वाजेल तेव्हाच उचला. हाक मारूनही कुणी येत नाही, तेव्हा कसं वाटतं ते मला माहीत आहे.