डिव्हिडंडचं वेळापत्रक

मुदत ठेवीची पावती बदलून घ्यायला बँकेत गेलेला माणूस बाहेर येतो तेव्हा त्याचा चेहरा बघावा. मंडळी, आपल्यापैकी पुष्कळांचा हा अनुभव अगदी ताजा आहे. मागच्या खेपेला साडेसात टक्के मिळाले होते, आता सव्वासहा. काउंटरवरचा माणूस म्हणतो, "दर उतरलेत साहेब, आमच्या हातात काय आहे?" आणि खरंच त्याच्या हातात काही नसतं. घराचं कर्ज फेडणारा खूश होतो आणि व्याजावर घर चालवणारा डोक्याला हात लावून बसतो.

भुसावळचे जितेंद्रभाऊ मात्र त्या दिवशी बँकेतून हसत बाहेर पडले. खातं त्यांचंही तिथेच, पण ही ठेव त्यांची नव्हती. ती होती त्यांच्या मोठ्या बहिणीची, नशिराबादच्या ताईबाईंची. ताईबाईंच्या मालकांचं हायवेवर टायरचं दुकान होतं. ते गेल्यावर दुकान विकलं, त्याचे बारा लाख आले आणि ते ठेवीत गेले. मूलबाळ नाही. महिन्याला साडेसात हजार व्याज यायचं, त्यात किराणा, विजेचं बिल आणि बीपी-शुगरच्या गोळ्या भागायच्या. नव्या दराने सव्वासहा हजारच येणार होते. जाणारे साडेबाराशे म्हणजे जवळजवळ गोळ्यांचाच खर्च! ठेवीची मुदत सोमवारी संपत होती.

भाऊ हसत होते, कारण त्यांच्याकडे तोड होती. बारा लाख उचलायचे आणि डिव्हिडंड देणाऱ्या शेअरमध्ये टाकायचे. डिव्हिडंड म्हणजे कंपनीने आपल्या नफ्यातून शेअर असणाऱ्यांना दिलेला वाटा. ही विद्या त्यांना मिळाली होती भरीत पार्टीत.

आपल्याकडे थंडीत शेतावर कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जातात, तेव्हा वांग्याइतकीच माणसंही फुलतात. सोयरिकी तिथेच जुळतात, प्लॉटचे सौदे तिथेच होतात आणि हल्ली शेअरही तिथेच सुचवले जातात. गेल्या वर्षी चोपड्याकडच्या एका मळ्यात लोटन नावाचे त्यांचे जुने सोबती भाकरी मोडता मोडता बोलले होते, "बँकेत काय ठेवलंय? मला अकरा टक्के डिव्हिडंड आलाय, अकरा!" सगळ्यांनी माना डोलावल्या. डिव्हिडंड किती आला ते लोटननी सांगितलं, शेअर कितीने पडला ते सांगितलं नाही. विचारलंही कुणी नाही. पार्टीत कुणी तोटा सांगतो का?

जितेंद्रभाऊंनी आयुष्यभर मालगाडीवर गार्ड म्हणून नोकरी केलेली. वेळापत्रक हा त्यांचा जीव की प्राण. त्यांना कळलं की कंपनी एक तारीख ठरवते आणि त्या तारखेला शेअर ज्याच्या नावावर असेल त्याला डिव्हिडंड देते. झालं! त्यांनी पुठ्ठ्याच्या वहीत ड्युटीच्या रोस्टरसारखा तक्ता आखला. चोवीस कंपन्या, चोवीस तारखा. तारखेच्या दोन दिवस आधी शेअर घ्यायचा, डिव्हिडंड आपल्या नावावर पडला की विकायचा आणि त्याच पैशात पुढच्या कंपनीत चढायचं. निवृत्तीच्या पैशातले दोन लाख घालून वर्षभर त्यांनी हा फेरा केला. महिन्याला एक-दोनदा मोबाईल वाजायचा, खात्यात डिव्हिडंड जमा. भाऊ मेसेज सगळ्यांना दाखवायचे.

ताईबाईंच्या डिमॅट खात्याचे कागदही त्यांनी तयार करून ठेवले होते. "अक्का, इथे सही कर. इथे. आणि इथे." अक्काने विचारलं नाही, भावाने सांगितलं नाही. आपल्या घरोघरी बाईच्या पैशाचा कारभार असाच चालतो, आणि त्याचं कुणाला काही वाटतही नाही.

शनिवारी भाऊ अक्कासाठी शाल घ्यायला बाजारात लाडकुंवर काकींच्या कापडदुकानात गेले. काकींचं वय अठ्ठ्याहत्तर. यजमान सुभाषचंद गेल्यापासून गल्ल्यावर त्याच बसतात. पोस्टाने डिव्हिडंडचे चेक यायचे तेव्हापासून त्यांच्या घरात शेअर आहेत, हे सगळ्या बाजाराला ठाऊक. म्हणून तर भाऊंनी वही सोबत नेली होती. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं.

भाऊंनी अक्काच्या ठेवीचा बेत सांगून वही पुढे केली. काकींनी चष्मा पुसला आणि तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला.

"अक्षर फार सुंदर आहे हो," त्या म्हणाल्या. "अन् अक्काचे किती टाकणार?"

"सगळे. बारा लाख. महिन्याला अकरा हजार पडतील, काकी. बँक सव्वासहा देते."

"बँक देते ते व्याज, जितूभाऊ. कबूल केलेलं, लिहून दिलेलं. डिव्हिडंड ही कंपनीची मर्जी. नफा झाला, उरला आणि द्यावासा वाटला तर देणार. यंदा दिला म्हणून पुढच्या साली मागायला जाता येतं का?"

"पण तुम्ही तर चाळीस वर्षं घेताय!"

"घेते ना. पण माझं दळण-किराणा दुकानावर चालतं. डिव्हिडंड नाही आला तर माझी चूल थांबत नाही. अक्काचं तसं आहे का?"

भाऊ जरा चुळबुळले. काकींनी बोट तक्त्यातल्या पहिल्याच कंपनीवर ठेवलं.

"हे अकरा टक्के कुठून आले ते पाहिलं का? शेअर शंभरला होता तेव्हा साडेपाच रुपये मिळायचे, म्हणजे साडेपाच टक्के. मग शेअर पन्नासवर आला. तेच साडेपाच रुपये आता अकरा टक्के दिसायला लागले. गिऱ्हाईक फिरकेना म्हणून मी साडीचा भाव अर्धा केला, तर तुम्ही त्याला साडीचा गुण म्हणणार का? भाव का पडला ते आधी विचाराल ना?"

"सगळ्याच कंपन्या अशा नसतात."

"नसतात. चांगल्याही आहेत. पण ठेवीचे दर उतरले हे तुम्हाला एकट्यालाच कळलंय का? सगळेच तिकडून उठून इकडे निघालेत. त्यामुळे चांगल्या शेअरचे भाव आधीच चढलेत. महाग घेतलं की तेवढाच डिव्हिडंड टक्क्यांत कमी भरतो. आणि उद्या व्याजाचे दर वर गेले की हीच माणसं शेअर विकून बँकेत परत पळणार. शेअर पडणार. ज्या कंपनीच्या डोक्यावर कर्ज आहे तिचा नफा तर व्याज भरण्यातच जाणार, मग डिव्हिडंडला कात्री! मी हे माझ्या हयातीत बघितलंय. तेव्हा थांबायला माझ्याकडे वर्षं होती. अक्काला गोळ्या दर महिन्याला लागतात."

भाऊंना राग आला. "काकी, मी नुसतं बोलत नाही. वर्षभर करून बघितलंय. तेरा हजार चारशे रुपये आले, मेसेज दाखवू?"

"मेसेज राहू द्या. या तक्त्यात तारीख आहे, डिव्हिडंड आहे. घेतला कितीला आणि विकला कितीला, ते कुठे आहे?"

भाऊंनी वहीची पानं उलटसुलट चाळली. तो रकाना त्यांनी आखलाच नव्हता.

"अहो, कंपनीच्या गल्ल्यातून पैसा बाहेर गेला की शेअरचा भाव साधारण तेवढ्याने उतरतोच. तुम्ही डिव्हिडंड घेऊन विकता तेव्हा तो उतरलेलाच विकता. वर दलाली आहे, कर आहे. तुम्ही गार्ड होता ना? गाडी अगदी वेळेवर स्टेशनात आली, पण मागचे चार डबे वाटेतच सुटले, तर गाडी वेळेवर आली असं लिहून सही करत होता का?"

हा घाव वर्मी लागला! पस्तीस वर्षांत एकही डबा न हरवलेला तो माणूस. त्यांनी तिथेच, दुकानाच्या गादीवर बसून, मोबाईलवर शेअरचं खातं उघडलं. वर्षभरात त्यांनी त्यातला एकूण आकडा कधी बघितलाच नव्हता. आत एक लाख एकाहत्तर हजार होते. घातले होते दोन लाख! आलेले तेरा हजार चारशे मिळवले तरी पंधरा हजारांच्या वर खड्डा. आणि भाऊ घरी पेढे वाटत होते!

"बापरे," भाऊ म्हणाले. "आणि मी अक्काचे बारा लाख..." काकींनी नोकराला चहा सांगितला आणि शालीचे पैसे निम्मेच घेतले.

भाऊ तडक नशिराबादला गेले. ताईबाई ओट्यावर दादर ज्वारी निवडत बसल्या होत्या. त्या माहेरच्या धुळ्याकडच्या, बोली अजून तिकडचीच. भावाने शाल दिली, पाणी प्यायला आणि मग जे अजून बायकोलाही सांगितलं नव्हतं ते सांगितलं. किती घातले, किती गेले आणि अक्काच्या पैशांचं काय करायला निघाला होता, सगळं. सांगताना कान लाल झाले होते. तोटा सांगायची आपल्याला केवढी लाज!

ताईबाईंनी सूप खाली ठेवलं.

"माले यातलं काही समजत नही, भाऊ. मी एकच इचारस. ज्या साले कंपनीनं नही दिधं, त्या साले मी काय खावानं?"

एकच प्रश्न. चोवीस कंपन्यांच्या तक्त्यात त्याला उत्तर नव्हतं. आणि तो विचारायची संधी या बाईला सह्या घेताना कुणी दिली नव्हती. दिली असती तर पहिल्याच दिवशी विषय मिटला असता. भाऊंच्या डोळ्यात पाणी आलं. "चुकलं अक्का," ते म्हणाले. "तुझा पैसा, आणि मी तुला विचारलंसुद्धा नाही."

"आते इचारं ना," ताईबाई म्हणाल्या. "मंग सांग. कठे ठेवानं?"

त्या संध्याकाळी बहीणभावाने पहिल्यांदा एकत्र बसून बारा लाखांचा विचार केला. भावाने प्रत्येक पर्याय सांगायचा, बहिणीने "अन् नही मियनं तर?", म्हणजे नाही मिळालं तर, असं विचारायचं. सोमवारी दोघं मिळून गेली. दहा लाख पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिकांच्या योजनेत ठेवले. तिथे आठाच्या वर दर पाच वर्षांसाठी पक्का आणि दर तीन महिन्यांनी व्याज. ती योजना भावाला माहीत होती. अकराच्या पुढे त्याला आठ दिसलेच नव्हते, इतकंच. दीड लाख अडीनडीला लागतील म्हणून बँकेतच राहिले. उरलेल्या पन्नास हजारांचं काय करायचं ते ताईबाईंनी स्वतःच सांगितलं.

"त्यासना शेअर ले. ते बुडनात तरी मना घास नही जावाव. पन लेवाना पहिले कंपनी काय करस ते माले वाची दाखाड."

भावाने एक कंपनी शोधायला दोन महिने घेतले. कर्ज किती, नफा किती, नफ्यातला किती वाटून टाकते, सगळं बहिणीला वाचून दाखवलं. तिने दोन कंपन्या नापसंत केल्या. तिसरी घेतली. तिचा डिव्हिडंड तीन टक्केसुद्धा भरत नाही, आणि त्याची दोघांनाही घाई नाही. महिन्याचा हिशेब मात्र साडेसात हजारांच्या थोडा वरच बसतो आणि गोळ्यांची पाकिटं वेळेवर येतात.

तर मंडळी, व्याजाचे दर उतरतील आणि पुन्हा चढतील. ते आपल्याला विचारून होत नाही. दर उतरले म्हणून डिव्हिडंडला व्याज समजू नका. डिव्हिडंड चांगला आहे, पण तो थांबू शकणाऱ्यासाठी आहे. ज्या पैशावर घरातली चूल पेटते तो पैसा कबूल केलेल्या व्याजातच राहू द्या. चार लोकांत नफा सांगता तसा तोटाही सांगा, म्हणजे दुसरा वाचेल. आणि घरातल्या बाईच्या पैशाला हात लावण्याआधी तिच्यासमोर बसा, सगळं सांगा आणि तिला प्रश्न विचारू द्या. बहुतेक वेळा ती तोच प्रश्न विचारील, जो आपण स्वतःला विचारायला घाबरत असतो.