निरोपाला पावती नसते

मास्तरांनी अर्ज तिच्या टेबलावर ठेवला, तेव्हा ती चाचणीच्या फोनची बॅटरी नखाने उचकटत होती.

"अगं, आधी बंद तरी कर तो," मास्तर म्हणाले. "घराबाहेर पडताना माणसाने सांगून पडावं."

"बंद व्हायला दहा सेकंद घेतो, मास्तर. दिवसातून साठ वेळा सिमकार्ड बदलायचं, मग काम कधी करू?"

मास्तर म्हणजे मोबाइल कंपनीच्या बिघाड विभागातले सर्वांत जुने. नव्याने आलेल्या प्रत्येकाला ते एकच धडा शिकवत. फोन आणि टॉवर यांचं बोलणं तीन मजल्यांवर चालतं. खालच्या मजल्यावर हमाल. त्याने चिठ्ठी उचलायची आणि हवेत सोडायची, बस. मधल्या मजल्यावर कारकून. तो प्रत्येक चिठ्ठीची पावती घेतो, पावती आली नाही तर तीच चिठ्ठी पुन्हा पाठवतो, पण उघडून कधी बघत नाही. वाचणारा बसतो वरच्या मजल्यावर. कुणाचा फोन आला, घंटा वाजली का, कुणी कट केला, हे त्यालाच कळतं. फोन बंद करताना तो एक शेवटची चिठ्ठी धाडतो, मी निघालो म्हणून. टॉवरचा वरचा मजला तिला उत्तर देत नाही, फोनही त्यासाठी थांबत नाही. पण बॅटरी उपटली तर ती चिठ्ठी जातच नाही, आणि तो माणूस घरीच आहे असं समजून टॉवर त्याच्या नावाने हाका मारत राहतो. हे मास्तर कानीकपाळी ओरडून सांगत. पालथ्या घड्यावर पाणी. चाचणी करणारे सगळेच बॅटरी उपटत.

तिने अर्ज वाचायला घेतला आणि खालची सही आधी दिसली. आईची. तिने घाईघाईने मजकूर वाचला. माझ्या यजमानांनी त्या दिवशी दुपारी मुलाला फोन लावला होता. तो त्याच्याकडे वाजला किंवा नाही, ते कळावे.

"आणखी दोन दिवसांनी ही नोंद पुसली जाईल," मास्तर म्हणाले. "तीस दिवसच ठेवतो आपण. मी बघू का?"

"नको. मीच बघते."

अठ्ठावीस दिवस झाले होते. त्या दुपारी आई डोळे तपासायला गेली होती आणि बाबा खुर्चीत एकटेच होते. आई परतली तेव्हा सगळं संपलं होतं. बाबांच्या फोनमध्ये शेवटचं नाव दादाचं होतं. दादाचं मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान दोन गल्ल्या सोडून. पळत आला असता तर तीन मिनिटांत घरी पोचला असता. डॉक्टर नको तेवढे खरे बोलले. म्हणाले, लगेच कुणी आलं असतं तर जमलं असतं, हातात फार वेळ नव्हता, पण पाच-सात मिनिटं होती.

दादा एवढंच म्हणाला की मला ऐकू आला नाही. तेव्हापासून आई त्याला वेळेवर वाढत होती, त्याचे कपडे धूत होती, पण त्याच्याशी शब्द बोलत नव्हती.

आणि ही? हिच्या फोनवर त्या दिवशी एकही मिस्ड कॉल नव्हता. शेवटच्या क्षणी बाबांना आठवण झाली ती मुलाची, हे तिच्या मनाला लागलं होतं. पण त्याचबरोबर सुटल्यासारखंही वाटलं होतं, आणि ते ती कुणाजवळ कबूल करणार नव्हती. आई अर्ज करणार हे कळल्यावर दादा हिलाच म्हणाला होता, "कशाला उकरून काढताय? राहू दे ना." चोराच्या मनात चांदणं, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

बाबांच्या नंबरच्या तीन ते चारमधल्या सगळ्या चिठ्ठ्या तिने पडद्यावर मागवल्या आणि थेट शेवटापासून सुरुवात केली. तीन वाजून बारा मिनिटं, दादाचा नंबर. टॉवरची हाक पोचली, दादाच्या फोनने उत्तर दिलं, घंटा वाजतेय असं कळवलं. मधल्या कारकुनाच्या पावत्या एकीमागे एक, एकही चुकलेली नाही. अकरा सेकंद घंटा वाजली. मग फोन संपला, आणि संपण्याचं कारण एका शब्दात होतं: नाकारला. घंटा वाजून वाजून थांबली नव्हती. बोटाने बटण दाबलं होतं.

तिला वाईट वाटायच्या आधी बरं वाटलं. ते बरं वाटणं ओसरेपर्यंत तिने सवयीने पडदा वर सरकवला.

वर आणखी चिठ्ठ्या होत्या. तीन वाजून आठ मिनिटं. समोरचा नंबर तिने परक्याचा वाचावा तसा दहाच्या दहा आकडे वाचला, आणि मग तो तिचाच आहे हे तिला कळलं. टॉवरने याच इमारतीत तिला हाक मारली होती. उत्तर नाही. पुन्हा हाक, पुन्हा उत्तर नाही. तेवढा वेळ बाबांच्या कानाशी नुसती शांतता असणार. तीन वाजून नऊ मिनिटांनी परत तेच. तीन वाजून अकरा मिनिटांनी परत.

तीन वाजून आठ मिनिटांनी ती याच खुर्चीत होती. चाचणीची कार्डं कमी पडली म्हणून तिने स्वतःचं कार्ड चाचणीच्या फोनमध्ये घातलं होतं, मग बॅटरी उपटून ते बाहेर काढून पेनाच्या डबीत टाकलं होतं. रीतसर बंद केला असता तर बाबांना पहिल्याच खेपेला ऐकू आलं असतं की हा फोन बंद आहे. ते थांबले नसते. चार मिनिटं आधी त्यांनी दादाला लावला असता, कदाचित त्याने कट केल्यावर पुन्हाही लावला असता. आणि जो फोन हाकेला उत्तरच देत नाही, त्याच्यात मिस्ड कॉल कुठून उमटणार?

मास्तर मागे येऊन उभे होते. त्यांनी पडदा वाचला, चष्मा काढला आणि खिशात ठेवला.

"उत्तर मी लिहितो," ते म्हणाले. "तू नको लिहूस."

"घरी मीच सांगेन, मास्तर."

संध्याकाळी ती पोचली तेव्हा दादा जमिनीवर बसून बाबांच्या खुर्चीचा पाय आवळत होता. आईने तिच्यासाठी आणि दादासाठी टेबलावर चहा आणून ठेवला, दोघांनीही हात लावला नाही. तिने कपाटाच्या खणातून बाबांचा फोन काढला. आई तो रोज चार्ज करायची. लावलेल्या फोनांची यादी तिने उघडली. त्या दिवसाचं एकच नाव होतं, दादाचं. तिने खालचं बटण दाबलं. त्याच्या खाली थेट आदल्या दिवशीचा दूधवाला.

त्या दिवशी हिच्या आधी घरात पोचला होता तो दादा. खाली पडलेला फोन त्यानेच उचलला होता. हिच्या तीन नोंदी पुसणाऱ्याला स्वतःची चौथी पुसायला कितीसा वेळ लागला असता? तिने त्याच्याकडे बघितलं. तो नट आवळत होता, केव्हाच घट्ट बसलेला.

"वाजला होता का?" आईने विचारलं. दादा खोलीत नसल्यासारखं तिने फक्त हिलाच विचारलं.

"आई, बाबांनी आधी मला लावला होता. तीनदा. माझा फोन मी नीट बंद केला नव्हता. ते वाट बघत बसले."

दादाने मान वर केली. "अगं, तू कशाला..."

"आणि ह्याचा?" आई म्हणाली.

"वाजला," दादाच बोलला. "मी कट केला. समोर गिऱ्हाईक होतं. म्हटलं, पाच मिनिटांनी लावू."

आईने हिच्या हातातून फोन घेतला, लांब धरला, नव्या चष्म्यातून यादी बघितली. एक नाव, मग दूधवाला. तिने ती पुन्हा बघितली.

"मग ह्यात तुझं नाव कसं नाही?"

दादाने पाना हळूच खाली ठेवला आणि फरशीकडे बघत राहिला. आई त्याच्याकडे बघत होती. अठ्ठावीस दिवसांत पहिल्यांदा, आणि बराच वेळ.

"चहा निवला तुझा," ती त्याला म्हणाली. "थांब, गरम करून आणते."

टेबलावर निवलेले दोन कप होते. आईने एकच उचलला.