सत्त्याऐंशी नंबरची लाथ

मित्रांनो, माझ्याकडे बघून लगेच नाक मुरडू नका. मी एक जुनी बर्फपेटी आहे, हे खरं. माझ्या झाकणाला मोठा तडा गेला आहे आणि माझ्यात आता बर्फ तासभरही टिकत नाही. पण या पशुवैद्यक कॉलेजातल्या संख्याशास्त्राच्या वर्गात मला जो मान आहे तो टेबलावरच्या संगणकालाही नाही, हे मी थोड्या तोऱ्यातच सांगते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. बाहेरून निळं प्लास्टिक, आतून जाड थर्माकोल, वर पक्कं झाकण. लसीच्या बाटल्या थंड ठेवायच्या, एवढंच माझं काम. स्कूटरच्या मागच्या सीटवर बसून मी एका गुरांच्या डॉक्टरीणबाईंबरोबर बारा वर्षं गोठ्यागोठ्यांतून फिरले. "बर्फ धरावा तर हिनेच," असं त्या सगळ्यांना कौतुकाने सांगत. मग तापमान दाखवणाऱ्या नव्या पेट्या आल्या आणि माझी रवानगी अडगळीत झाली. कुणीतरी माझ्यात फरशी पुसायची फडकी कोंबून ठेवली. फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

माझं नशीब उघडलं ते बाईंच्या शिक्षणामुळे. बेचाळीसाव्या वर्षी त्यांनी पदव्युत्तर अभ्यासाला नाव घातलं. जनावरांचे रोग कळपात कसे पसरतात ते आकड्यांनी शोधायचा तो अभ्यास. नव्या पेट्या इतरांनी आधीच पळवल्या होत्या, म्हणून नमुने ठेवायला बाईंनी मला शोधून काढलं आणि घासूनपुसून लख्ख केलं.

सुई टोचण्यात बाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण गणित म्हटलं की त्यांना घाम फुटायचा. शिकवणारे सर त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान. ते यांना मॅडम म्हणत, या त्यांना सर म्हणत आणि दोघंही अवघडून बसत.

बाईंच्या वाट्याला एकशेवीस गायींचा एक गोठा आला होता. तिथे एक संसर्गजन्य आजार शिरला होता. प्रयोगशाळा एका वेळी रक्ताचे तीसच नमुने घेई, म्हणून तीस गायींवरून सगळ्या गोठ्याचा अंदाज बांधायचा होता. नियम कडक होता. तिसऱ्या हिश्श्याहून जास्त गायी आजारी असतील, तर सगळा गोठा रिकामा करायचा आणि एकही गाय जिवंत ठेवायची नाही. गोठ्याचे मालक म्हणजे एक वयस्कर काका. त्यांनी त्यातली बहुतेक वासरं स्वतः बाटलीने दूध पाजून वाढवली होती.

पहिल्या दिवशी बाईंनी दारापासून सुरुवात केली आणि सरळ ओळीने तीस गायींचं रक्त काढलं. गायीही गुणी, एकही हलली नाही. तासाभरात काम फत्ते! चार दिवसांनी निकाल आला. तीसपैकी बारा आजारी, म्हणजे शंभरात चाळीस. बाईंनी जड मनाने गोठा रिकामा करण्याचा अर्ज भरला आणि सही करण्याआधी सरांना दाखवला.

सरांनी एकच प्रश्न विचारला. "मॅडम, या तीस गायी निवडल्या कुणी?"

"मीच. म्हणजे... ज्या हाताशी आल्या त्या घेतल्या."

"मग तुम्ही नाही निवडल्या. गोठ्याने तुमच्या हातात दिल्या."

बाई तडक गोठ्यावर गेल्या. काकांना त्यात काही विशेष वाटलंच नाही. "अहो, मलूल दिसेल ती गाय मी दाराशी आणून बांधतो. येता-जाता डोळ्यासमोर राहते ना!"

बाई मटकन माझ्यावरच बसल्या. काकांच्या मायेमुळेच काकांचा गोठा बुडणार होता, आणि तो बुडवणारी सही बाई करणार होत्या.

त्या दिवशी बाईंच्या लेकीने जेवणाच्या टेबलावर एकशेवीस चिठ्ठ्या कापल्या. प्रत्येकीवर एकेका गायीच्या कानातला नंबर. "आई, हे पदव्युत्तर शिक्षण आहे की लॉटरी?" असं म्हणत ती हसत सुटली. चिठ्ठ्या माझ्या पोटात टाकून बाईंनी मला गदागदा हलवलं आणि डोळे मिटून तीस चिठ्ठ्या उचलल्या.

दुसऱ्या दिवशी एकोणतीस गायी झाल्या आणि गाडी अडली सत्त्याऐंशी नंबरवर. ही गाय अगदी आतल्या कोपऱ्यात, धष्टपुष्ट आणि महाखट्याळ. दोनदा बाईंना तिने भिंतीवर ढकललं.

"डॉक्टरबाई, शेजारची घ्या. गरीब आहे बिचारी. कुणाला कळतंय?" काका म्हणाले.

बाई घामाने निथळत होत्या. क्षणभर त्यांनी शेजारच्या गायीकडे पाहिलंही. मग त्यांनी बाह्या सरसावल्या. "नाही काका. चिठ्ठी हिची निघालीय. एक बदलली, की सगळ्या पहिल्यासारख्याच होतील."

तिसऱ्या प्रयत्नाला रक्त निघालं आणि त्याच क्षणी लाथ बसली. बाई वाचल्या, मी नाही. झाकणाला तडा तेव्हाचा. रक्ताची नळी मात्र शाबूत राहिली.

या वेळी तीसपैकी चार आजारी निघाल्या. "शंभरात तेरा!" बाई आनंदाने ओरडल्या.

"नुसते तेरा लिहू नका," सर म्हणाले. "आपण तीसच पाहिल्यात. खरा आकडा चार ते एकतीसच्या दरम्यान कुठेही असू शकतो, तेही लिहा."

एकतीस! आणि हद्द होती तेहतिसाची. पण हद्दीच्या अलीकडेच. बाईंनी तो अर्ज फाडला. पुढे महिनाभरात एकूण एक गाय तपासली, सोळा आजारी निघाल्या. त्यांना काकांनी वेगळं काढलं, बाकीच्या एकशेचार जगल्या.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, "या सगळ्यातला सर्वांत अवघड भाग कोणता?"

"सत्त्याऐंशी नंबरची गाय," बाई म्हणाल्या आणि सर खो-खो हसले. ती गाय ठणठणीत निघाली होती. ठणठणीत होती म्हणूनच तर हाती लागत नव्हती!

आता बाईच तो वर्ग शिकवतात आणि दरवर्षी नव्या मुलांच्या चिठ्ठ्या माझ्यात पडतात. मी अगदी सुखात आहे. मित्रांनो, जुन्या वस्तूंत फडकी कोंबू नका, त्यांच्यात बरंच काम शिल्लक असतं. आणि कधी कुणाबद्दल मोजून काही ठरवायची वेळ आली, तर दारातूनच परत फिरू नका. आतल्या कोपऱ्यापर्यंत जा. लाथ बसली तरी चालेल, मी सांगते ना, तिने कुणी मरत नाही. दारातून परत फिरलं की एकशेचार मरतात.